खिळ्यांपासून कानातल्यांपर्यंत : मुलांच्या फुटबॉलमधील दागिनाबंदीचा इतिहास

फुटबॉल खेळायला उतरणाऱ्या मुलामुलींनी कानातले, चमकी, अंगठी, बांगडी किंवा गळ्यातली साखळी काढून ठेवावी, हा दंडक आज इतका रूढ झाला आहे की तो खेळाइतकाच जुना असावा, असे सहज वाटते. प्रत्यक्षात या खेळाचे लेखी नियम १८६३ मध्ये लंडनमध्ये तयार झाले आणि साधनसामग्रीविषयीच्या कलमाच्या मूळ मजकुरात दागिन्यांचा स्पष्ट उल्लेख आला तो १९९७ च्या पुनर्लेखनात. मधल्या १३४ वर्षांत दागिने निरुपद्रवी मानले जात होते, असा याचा अर्थ नव्हे. ज्यांच्या अंगावर दागिने असतात अशी माणसे नियम करणाऱ्यांच्या नजरेसमोर फारशी नव्हती, हे या मौनाचे खरे कारण दिसते. त्यामुळे दागिनाबंदीचा इतिहास हा एका बारीक नियमाचा इतिहास असला, तरी मैदानावर कोण येत गेले आणि कोणाची इजा नियमाच्या कक्षेत मोजली जाऊ लागली, याचाही तो इतिहास ठरतो.

लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये २६ ऑक्टोबर १८६३ रोजी काही क्लबांच्या प्रतिनिधींची पहिली बैठक झाली आणि तिच्यातून फुटबॉल असोसिएशन ही संस्था जन्माला आली. एबेनेझर कॉब मॉर्ली यांच्या पुढाकाराने डिसेंबरपर्यंत १३ कलमांची जी संहिता तयार झाली, तिचे शेवटचे कलम पायातल्या बुटांविषयी होते. बुटाच्या तळाला किंवा टाचेला बाहेर आलेले खिळे, लोखंडी पट्ट्या किंवा गटापर्चा, म्हणजे आग्नेय आशियातील एका झाडाच्या चिकापासून बनणारा कडक पदार्थ, लावण्यास त्या कलमाने मनाई केली. ही मनाई वरवर किरकोळ वाटली, तरी तिच्यामागे त्या काळातला मोठा वाद होता; प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर मुद्दाम लाथ मारण्याची जी पद्धत काही शाळांत मर्दानी खेळाचे लक्षण समजली जात असे, ती चालू ठेवायची की बंद करायची, या प्रश्नावर ब्लॅकहीथ हा क्लब संघटनेतून बाहेर पडला. लाथ आणि खिळा या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते, हे त्या पिढीने पाहिले होते. खेळणारे बहुतेक जण इंग्लंडच्या निवासी शाळांत आणि विद्यापीठांत शिकलेले तरुण पुरुष होते, त्यांच्या वर्गात पुरुषाने कान टोचण्याची रीत नव्हती आणि म्हणून धोका शोधणाऱ्या नजरेला तो फक्त पायात दिसला.

पुढील दशकांत साधनसामग्रीचा विचार पायाभोवतीच फिरत राहिला. नॉटिंगहॅम फॉरेस्ट संघाच्या सॅम्युएल विडोसन या खेळाडूने १८७४ मध्ये क्रिकेटच्या पॅडवरून शिनगार्ड, म्हणजे नडगीला संरक्षण देणारे आवरण, तयार केल्याचे मानले जाते. पण ते सर्वांना सक्तीचे होण्यास १९९० साल उजाडावे लागले. नियम ठरवण्याचा अधिकार असलेले आंतरराष्ट्रीय मंडळ १८८६ मध्ये ब्रिटनच्या चार संघटनांनी स्थापन केले आणि १९१३ मध्ये फिफाला त्यात स्थान मिळाले. स्टॅन्ली राऊस यांनी १९३८ मध्ये विखुरलेल्या नियमांची १७ कलमांत मांडणी केली, तेव्हा खेळाडूच्या साधनसामग्रीला चौथे कलम मिळाले. त्यात स्टडची, म्हणजे बुटाच्या तळाला घसरू नये म्हणून असणाऱ्या गुट्ट्यांची, जाडी आणि उंची तपशिलाने दिलेली असे. बाकी सर्व वस्तूंसाठी मात्र एकच सर्वसाधारण तत्त्व होते, ते म्हणजे दुसऱ्या खेळाडूला धोकादायक ठरेल असे काहीही अंगावर नसावे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे हरले, तेव्हा त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता, कारण बूट घालणाऱ्याने दुसऱ्याला जखमी करू नये एवढीच कलमाची चिंता होती आणि अनवाणी खेळाडू स्वतःच्या पायाचे काय करून घेतो, हा कलमाचा विषय नव्हता.

स्त्रियांकडे मात्र ही व्यवस्था दीर्घकाळ पाहतच नव्हती. लंडनच्या क्राउच एंड भागात २३ मार्च १८९५ रोजी ब्रिटिश लेडीज फुटबॉल क्लबने सामना खेळला होता आणि २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक जमले होते. त्यानंतर वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांची मैदाने स्त्रियांच्या सामन्यांना देण्यास बंदी केली आणि ती सुमारे अर्धे शतक टिकली. ज्या काळात चौथ्या कलमाची भाषा पक्की होत गेली, तो काळ अशा रीतीने स्त्रियांच्या अधिकृत अनुपस्थितीचा होता. कानातल्याचा किंवा बांगडीचा प्रश्न नियमापर्यंत पोहोचला नाही, याचे कारण ते घालणाऱ्यांना मैदानाच्या फाटकाशीच थांबवले गेले होते.

हा प्रश्न दैनंदिन बनवला तो अमेरिकेतील मुलांच्या फुटबॉलने, म्हणजे तिथल्या भाषेत सॉकरने. कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशनने प्रत्येक मुलाला खेळायला मिळालेच पाहिजे, हे तत्त्व स्वीकारले आणि प्रशिक्षक व पंच म्हणून मुख्यतः पालकांनाच स्वयंसेवक नेमले. १९७४ मध्ये यूएस यूथ सॉकर ही दुसरी मोठी संघटना उभी राहिली. त्यापूर्वी दोन वर्षे, १९७२ मध्ये, ‘टायटल नाइन’ नावाने ओळखली जाणारी कायद्याची तरतूद मंजूर झाली होती. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगावरून भेदभाव करण्यास तिने मनाई केली आणि शाळा-महाविद्यालयांना मुलींच्या खेळांसाठी जागा करावी लागली. अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल यांच्याभोवती जसे मुलग्यांचे जुने वलय होते, तसे सॉकरभोवती नव्हते, आणि त्यामुळे उपनगरांतील मुली या खेळाकडे मोठ्या संख्येने आल्या. १९९१ मध्ये चीनमध्ये झालेला स्त्रियांचा पहिला विश्वचषक आणि १९९६ मध्ये अटलांटात ऑलिंपिकचे पहिले स्त्री-फुटबॉल सुवर्णपदक अमेरिकेनेच जिंकले.

याच दशकांत त्या देशातील कान टोचण्याची रीतही बदलत होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील मध्यमवर्गीय स्त्रिया बहुधा चिमट्याची किंवा फिरकीने दाबून बसणारी कर्णभूषणे वापरत आणि टोचलेले कान ही इटालियन किंवा लॅटिन अमेरिकन स्थलांतरित कुटुंबांची खूण समजली जाई. १९६० च्या दशकात ही समजूत ढासळली. पुढे स्प्रिंगच्या जोरावर खडा थेट पाळीत बसवणारे टोचणीयंत्र आले आणि मोठ्या बाजारसंकुलांतील दुकानांत काही मिनिटांत कान टोचून मिळू लागले. १९७८ मध्ये वेस्ट हॉलिवूडमध्ये गॉन्टलेट हे शरीर टोचण्याला वाहिलेले दुकान सुरू झाले, १९९३ मध्ये एरोस्मिथ या रॉक समूहाच्या ‘क्रायिन’ या गाण्याच्या चित्रफितीत बेंबी टोचून घेण्याचे दृश्य दूरचित्रवाणीवर झळकले आणि १९९४ मध्ये टोचण्याचा व्यवसाय करणाऱ्यांची स्वतंत्र संघटनाही उभी राहिली. नाक, भुवई, जीभ आणि बेंबी अशा जागी धातू घालणारी किशोरवयीन पिढी आणि सॉकर खेळणारी किशोरवयीन पिढी एकच होती.

१ जुलै १९९७ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत १७ कलमे पुन्हा थोडक्यात आणि सोप्या भाषेत लिहिली गेली, आणि चौथ्या कलमात दोन लहान पण दूरगामी बदल झाले. पहिला बदल असा की, धोकादायक वस्तूंच्या उल्लेखापुढे कंसात ‘कोणत्याही प्रकारचे दागिने’ हे शब्द आले. दुसरा बदल असा की, धोका ‘दुसऱ्या खेळाडूला’ एवढाच न राहता ‘स्वतःला किंवा दुसऱ्या खेळाडूला’ असा झाला. बुटाचा खिळा मुख्यतः दुसऱ्याच्या नडगीत घुसतो, उलट कानातल्या रिंगेमुळे फाटतो तो बहुधा घालणाऱ्याचाच कान. म्हणून दुसरा बदल झाल्याशिवाय पहिल्याला तर्काचा पूर्ण आधार मिळाला नसता. प्रौढ माणसाने स्वतःचा धोका पत्करावा की नाही, यावर वाद होऊ शकतो. परंतु दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तो धोका पत्करण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला पंचाच्या शिट्टीने उत्तर देणे सर्वांनाच सोपे गेले. अमेरिकेच्या सॉकर महासंघाने पुढे २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना चेंडू डोक्याने मारण्यास मनाई केली, तीही याच विचारातून आलेली होती.

दागिन्यामुळे होणाऱ्या इजेचे वैद्यकीय स्वरूप निराळे आहे. सर्वांत गंभीर प्रकार अंगठीचा असतो. ती कुंपणात किंवा जाळीच्या आकड्यात अडकली आणि शरीराचा भार खाली आला की बोटाची त्वचा, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू हाडापासून सोलून निघतात. हाताच्या शस्त्रक्रियेत या इजेची जी वर्गवारी वापरली जाते, ती अर्बानियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली आणि तिच्यात रक्तप्रवाह टिकून आहे की नाही, यावरून तीन पायऱ्या केल्या आहेत. डिसेंबर २००४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्व्हेत संघाचा पाउलो दिओगो गोलाच्या आनंदात प्रेक्षकांकडील कुंपणावर चढला, नुकत्याच झालेल्या लग्नाची अंगठी त्यात अडकली आणि खाली उडी मारताना त्याच्या बोटाचा वरचा भाग तुटला. अतिरेकी जल्लोषाबद्दल पंचाने त्याला पिवळे कार्डही दाखवले. हा प्रसंग व्यावसायिक सामन्यातला असला, तरी कुंपणावर चढणे आणि गोलाच्या जाळीला लटकणे या सवयी मुलांत अधिक असतात, हे लक्षात घेतले म्हणजे अंगठीबाबत मुलांच्या संघटना इतक्या कडक का झाल्या, ते कळते. कानातल्यांची इजा एवढी भयंकर नसते. पाळी फाटणे, किंवा चेंडू कानावर आदळल्यावर खड्यामागची दांडी कानामागच्या कातडीत रुतणे, असे तिचे नेहमीचे प्रकार असतात.

नियम झाल्यावर पालक आणि पंच यांच्यात सर्वाधिक रस्सीखेच झाली ती चिकटपट्टीवरून. नव्याने टोचलेल्या पाळीचे भोक भरून स्थिर होण्यास साधारणपणे सहा ते आठ आठवडे लागतात, कानाच्या वरच्या कूर्चेला, म्हणजे लवचिक हाडासारख्या भागाला, कित्येक महिने लागतात, आणि त्याआधी खडा काढला तर भोक बुजू शकते. अमेरिकेत शरद ऋतूतला हंगामही जवळपास तेवढ्याच आठवड्यांचा असल्याने, शाळा सुरू होताना कान टोचलेल्या मुलीपुढे खडा काढणे किंवा हंगाम सोडणे, असे दोनच मार्ग उरत. खड्यावर पट्टी लावण्याची तडजोड यातून निघाली. ती फसवी होती, कारण पट्टीमुळे रिंग कशात अडकत नसली, तरी दांडी कातडीत रुतण्याचा धोका तसाच राहतो. नियममंडळाने पुढील काळात नियमांच्या स्पष्टीकरणात हार, अंगठ्या, कंकणे, कानातले, चामड्याचे आणि रबराचे पट्टे यांची नावे घेऊन बंदी केली आणि पट्टीने झाकलेला दागिनाही चालणार नाही, असे लिहिले. पंचांनाही घड्याळाखेरीज काही घालण्याची मुभा राहिली नाही. २०१६ च्या पुनर्लिखित संहितेत पट्टीविषयीचे वाक्य थेट कलमातच आले. सामन्यापूर्वी खेळाडूंची तपासणी करावी, दागिना दिसल्यास तो काढण्यास सांगावे, न काढल्यास खेळाडूला बाहेर पाठवावे आणि नकार देणाऱ्याला किंवा पुन्हा घालणाऱ्याला ताकीद द्यावी, असा क्रमही त्यात दिलेला आहे. व्यावसायिक खेळात हे सारे तितक्या काटेकोरपणे होत नाही, हे २०२२ च्या विश्वचषकात फ्रान्सचा जूल कुंदे पोलंडविरुद्ध पूर्वार्धाचा बराच वेळ सोन्याची साखळी घालून खेळला, तेव्हा जगाने पाहिले.

अमेरिकेतील माध्यमिक शाळांचे सामने मात्र फिफाच्या संहितेने न चालता राज्यांच्या शालेय क्रीडा महासंघांच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी चालतात आणि तिथे दागिनाबंदीला दोन अपवाद ठेवले गेले. धार्मिक पदक गणवेशाखाली पट्टीने चिकटवून घालता येते. मधुमेह, अपस्मार किंवा तीव्र अ‍ॅलर्जी यांची सूचना देणारे वैद्यकीय पदक तर दिसेल असे चिकटवता येते. कॅलिफोर्नियातच १९५६ मध्ये स्थापन झालेल्या मेडिकअलर्ट या संस्थेने अशी पदके प्रचारात आणली होती आणि बेशुद्ध मुलाच्या मनगटावरची ती ओळ जीव वाचवू शकते, हे सर्वांना मान्य होते. एकाच मुलीला शनिवारी क्लबच्या सामन्यात एक नियम आणि मंगळवारी शाळेच्या सामन्यात दुसरा, अशी स्थिती यातून आली. प्रत्येक खेळाचा धोका सारखा नसतो, हेही याच संघटनेने पुढे मान्य केले. धावणे, उड्या आणि फेक यांच्या स्पर्धांतील दागिनाबंदी तिने २०१४ मध्ये रद्द केली, परंतु जिथे शरीराला शरीर भिडते त्या सॉकरमध्ये ती कायम ठेवली.

नियमाची खरी कसोटी कॅनडातील क्युबेक प्रांतात लागली आणि तीही मुलांच्याच सामन्यांत. २००७ मध्ये लाव्हाल येथील स्पर्धेत ११ वर्षांच्या एका मुलीला हिजाब घालून खेळण्यास पंचाने मनाई केली, तेव्हा तिच्या संघाने स्पर्धा सोडली आणि इतर काही संघांनीही तिची बाजू घेतली. मार्चमध्ये मँचेस्टर येथे भरलेल्या बैठकीत नियममंडळाने चौथ्या कलमाचा हवाला देऊन पंचाचा निर्णय उचलून धरला. २०११ मध्ये इराणच्या स्त्री-संघाला अम्मान येथे याच कारणाने ऑलिंपिक पात्रता सामन्यापासून वंचित व्हावे लागले, आणि २०१३ मध्ये क्युबेकच्या महासंघाने शीख मुलांच्या पगडीवर बंदी घातली, तेव्हा कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने त्या महासंघालाच निलंबित केले. फिफाने पगडीला परवानगी दिल्यावर बंदी मागे घेतली गेली. १ मार्च २०१४ रोजी नियममंडळाने शिरोवस्त्रांना कायमची मान्यता दिली. ते काळे किंवा सदऱ्याच्या मुख्य रंगाचे असावे, सदऱ्याला जोडलेले नसावे, गळ्याभोवती उघडझाप करणारी धोकादायक जोडणी त्यात नसावी आणि त्याचा कोणताही भाग बाहेर आलेला नसावा, अशा अटी ठरल्या. बाहेर आलेला भाग हा १८६३ च्या खिळ्यांना लावलेलाच निकष होता. दीडशे वर्षांनी तो मुलीच्या डोक्यावरच्या कापडाला लावला गेला आणि या वेळी त्यातून बंदीऐवजी परवानगी निघाली. जॉर्डनमध्ये २०१६ साली झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात या परवानगीचे फळ दिसले. शिखांचे कडे मात्र धातूचे असल्याने कापडाला मिळालेली सवलत त्याला आपोआप लागू झाली नाही.

अंगावरच्या दागिन्याला श्रद्धेचे आणि संस्काराचे मूल्य असणे भारतीय समाजाला नवे नाही. कर्णवेध हा सोळा संस्कारांपैकी एक गणला जातो, आणि सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात बाळाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात संरक्षणासाठी आणि भूषणासाठी टोचावेत, मुलग्याचा उजवा आणि मुलीचा डावा कान आधी टोचावा, असे सांगितले आहे. त्याच अध्यायात फाटलेल्या पाळ्या जोडण्याच्या पंधरा रीती दिल्या आहेत. कर्णभूषण आणि फाटका कान यांचा संबंध त्या वैद्यकाला पक्का ठाऊक होता. मराठी घरांत सोनाराकडून तान्ह्या बाळाचे कान टोचून घेण्याची जी चाल आहे, तिचा एक अनपेक्षित परिणाम अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलींच्या खेळात दिसू शकतो: सहा-सात वर्षांची होऊन मैदानात उतरेपर्यंत त्यांच्या पाळीचे भोक केव्हाच स्थिर झालेले असते, त्यामुळे तासा-दीड तासासाठी डूल किंवा कुड्या काढल्याने काही बिघडत नाही, तर आठव्या-दहाव्या वर्षी दुकानात कान टोचून घेणाऱ्या मैत्रिणीचा हंगाम अडचणीत येतो. चमकी पुढच्या वयात टोचली जात असल्याने तिला ही सोय नसते. पुरुषांच्या उजव्या कानाच्या वरच्या भागात घातली जाणारी भिकबाळी कूर्चेजवळ बसते, म्हणजे वैद्यकीय दृष्टीने सर्वांत हळू भरणाऱ्या जागी; पण आज ती बहुधा लग्नात आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत दिसते आणि दाबून बसवण्याचे प्रकारही मिळत असल्याने खेळाशी तिचा संघर्ष क्वचितच होतो. १७ वर्षांखालील मुलांचा २०१७ चा आणि मुलींचा २०२२ चा विश्वचषक नवी मुंबई आणि मडगाव येथेही खेळला गेला, तेव्हा हीच संहिता महाराष्ट्र आणि गोव्याच्या मैदानांवर लागू होती.

या सगळ्या घडामोडींतून नियमाचा एक स्वभाव स्पष्ट होतो: दागिना सोन्याचा की प्लॅस्टिकचा, हौसेचा की नवसाचा, आजीने दिलेला की मैत्रिणीने विणलेला, हे तो विचारत नाही. या कोरडेपणामुळे अनेक घरांना तो अन्यायकारक वाटला आहे, आणि स्वयंसेवक पंचाला तो राबवता येतो तोही याच कोरडेपणामुळे, कारण शेजारच्या घरातल्या मुलीच्या श्रद्धेची खोली तपासण्यापेक्षा तिच्या कानात धातू आहे की नाही, एवढेच पाहणे त्याच्या आवाक्यात असते. जिथे वस्तूचा अर्थ बाजूला ठेवणे अशक्य झाले, तिथे तोडगा निघाला तो अर्थावर वाद घालून नव्हे, तर वस्तूचे स्वरूप बदलून किंवा बारकाईने वर्णन करून: टाचण्यांशिवायचे शिरोवस्त्र आणि चिकटवलेले वैद्यकीय पदक ही त्याची उदाहरणे आहेत. टोचलेल्या कानातला धातू २०१६ पर्यंतच्या संहितेत असे सुरक्षित रूप मिळवू शकला नाही, आणि म्हणून ज्या घरांत मुलांचा खेळ आणि हौस दोन्ही जपले जातात, तिथे कान टोचण्याचा मुहूर्त हंगाम संपल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात धरणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरला.